पाठीवरचा पिवळा

चिमट्यात धरलेला पांढरा ठोकळा बारकीने खिडकीशी नेला, कृत्रिम दातांच्या रंगपट्टीतल्या दुसऱ्या दाताला लावून पाहिला आणि परत काचेच्या वाडग्यात सोडला.

"कुणाची कवळी भिजत घातलीस?" दाराशी चपला काढता काढता दादाने विचारलं.

"चंद्राची. अजून तासभर ऊन हवंय तिला."

बारकी पन्नाशीला टेकली होती, तरी घरात, गल्लीत आणि ती जिथे दात बनवायची त्या प्रयोगशाळेतही ती बारकीच होती. पांढरा रंग एकच असतो, असं तिच्यापुढे म्हणण्याची मात्र कुणाची टाप नव्हती. तिला सोळा पांढरे ओळखता येत, तेही दिवा न लावता. संध्याकाळी घरी आली की ती हीच नजर एकात एक बसणाऱ्या खेळण्यातल्या जुन्या अंतराळ-ठोकळ्यांवर लावायची. उन्हात राहिलेले ठोकळे पिवळे पडतात. ते ती पेरॉक्साइडमध्ये बुडवून, त्याच उन्हात ठेवून पांढरे करायची, हरवलेले तुकडे शोधायची आणि चाळीस वर्षांपूर्वीची अंतराळयानं पुस्तिकेबरहुकूम पुन्हा उभी करायची. नवरा म्हणायचा, आमच्याकडे पाहुण्यांना गादी नाही, पण चंद्रावर जायचं असेल तर तीन गाड्या तयार आहेत.

तिचा एकच नियम होता. डिंक लावायचा नाही. ठोकळा खटकन बसला पाहिजे आणि मनात येईल तेव्हा निघाला पाहिजे. डिंक लावलेला संच तिच्या लेखी मेलेला.

रविवारी संग्राहकांचं प्रदर्शन होतं आणि बारकी तिथे चंद्रतळ मांडणार होती. तिच्या लहानपणीचा, घरातला पहिला संच. तीनशे अकरा तुकड्यांपैकी तीनशे दहा जागेवर होते. नव्हता तो पांढरा अंतराळवीर. बाजारात तसा वीर मिळत नव्हता असं नाही. तिने स्वतःच दोघा संग्राहकांना दोन मिळवून दिले होते. पण या तळावर तिला दुसऱ्या कुणाचा वीर नको होता. हा गेला कुठे, ते तिला कळायला हवं होतं.

ती नऊ वर्षांची असताना तो नाहीसा झाला. त्याच दिवशी वडिलांशी कडाक्याचं भांडून दादा एका ट्रकवर क्लीनर म्हणून निघून गेला होता. घरातला सगळा राग मग त्या दोन इंचांच्या माणसावर निघाला. "हिला वस्तू सांभाळता येत नाही," असं म्हणून वडिलांनी संचाची पेटी कपाटावर टाकली, ती ते असेपर्यंत खाली आली नाही. सहा महिन्यांनी दादा आला तेव्हा तिने त्याला विचारलं होतं. त्याने गळ्याची कातडी चिमटीत धरून सांगितलं होतं, "तुझी शपथ, मी नाही घेतला." बारकीने विश्वास ठेवला. तेव्हापासून ती प्रत्येक वस्तू मोजून ठेवायची, अगदी चमचेसुद्धा, आणि तिच्या नीटनेटकेपणाचं सगळे कौतुक करायचे.

दादा खुर्चीत बसला. गेल्याच महिन्यात त्याने ट्रक विकला होता, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला अजून कळत नव्हतं. त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"बघ. तुझाच ना?"

बारकीने रुमाल उलगडला. पांढरा अंतराळवीर होता. छातीवरचा सोनेरी ग्रह थोडा झिजलेला, पण जागेवर.

"कुठे सापडला?"

"माळ्यावर. पत्र्याची पेटी आहे ना आपली जुनी, तिच्यात. अगदी तळाशी." दादाचा हात गळ्याकडे गेला आणि कॉलर सारखी करून खाली आला. "घासूनपुसून आणलाय."

बारकी वीर घेऊन खिडकीशी गेली. छाती पांढरी होती, रंगपट्टीतल्या तिसऱ्या दाताइतकी. पाठ मात्र थेट शेवटच्या दातावर गेली होती, जुन्या विडी ओढणाऱ्याच्या दाढेसारखी. पेटीच्या अंधारात कुणाचीही एकच बाजू अशी पिवळी पडत नाही. तिने तळवे पाहिले. पात्याने खरवडलेल्या रेघा होत्या आणि रेघांच्या कडेला डिंकाचे थर, एकावर एक. तिने नखाने मोजले. तीन.

दादाने उभ्या जन्मात तीन ट्रक चालवले होते.

तिला राग आला. सरळसरळ राग आला. एवढा मोठा माणूस आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या माथ्यावर खापर फोडून मोकळा झाला! चाळीस वर्षं चमचे मोजले तिने. वळून त्याला सुनवावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वीर पुन्हा उन्हात आला. पाठ पिवळी, छाती पांढरी. म्हणजे पाठ काचेकडे होती. गाडीत देखाव्याला लावलेली बाहुली लोक रस्त्याकडे तोंड करून लावतात. याचं तोंड आत होतं, चालवणाऱ्याकडे. प्रत्येक गाडीत, प्रत्येक वेळी.

"काय गं? नकली आहे का?" दादाने विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

"नाही. अस्सल आहे," बारकी म्हणाली. "चहा टाकते."

ती चहा टाकून आली, तेव्हा दादा वाडग्याकडे बघत होता.

"याला नाही बुडवत त्यात?"

"बघू," ती म्हणाली. पण तिचं ठरलं होतं.

रविवारी सभागृहात गर्दी होती. शेजारच्या टेबलवाल्याने चंद्रतळ पाहिला आणि हळहळला.

"ताई, सगळं दुधासारखं, आणि हा एक वीर असा? धुवायचा राहिला वाटतं. परीक्षक गुण कापणार हो."

"कापू देत," बारकी म्हणाली. "त्यांच्या कात्रीला तेवढंच काम."

दादा उशिरा आला, इस्त्रीचा शर्ट घालून. तळ, शिडी, रडार असं बघत बघत तो चंद्रगाडीपाशी आला आणि थांबला. पुस्तिकेत पांढरा वीर शिडीपाशी उभा दाखवला होता. इथे तो गाडीच्या आत होता, समोरच्या काचेला पाठ लावून. गाडी चालवणाऱ्या लाल वीराकडे तोंड करून.

दादा बराच वेळ वाकून बघत राहिला. बारकी नावाच्या पट्ट्या सरळ करत होती. त्या आधीच सरळ होत्या.

"पुस्तकात हा असा नाहीये," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

दादाने बोट पुढे केलं, पण वीराला लावलं नाही. जिथे तो उभा होता तिथे ठोकळ्यावर पाय अडकवायच्या खुंट्या नव्हत्या, नुसती गुळगुळीत पट्टी होती. दादाचा हात एकदा गळ्याकडे निघाला आणि मध्येच थांबून टेबलाच्या कडेवर आला.

"तिथे नुसता उभा केलास तर वळणावर पडतो, बारके," तो म्हणाला. "तळव्याला जरा डिंक लागतो."

परीक्षक वह्या घेऊन पलीकडच्या टेबलापाशी पोचले होते. बारकीने पट्ट्या चिकटवायला आणलेली डिंकाची ट्यूब उचलली, टोपण काढलं आणि दादाच्या हातात दिली.

"लाव," ती म्हणाली. "तुला सवय आहे."