तेरेन्तीकाकांचं आतडं

डॉ. स्मारांडा व्लाइकू शहरातल्या मोठ्या इस्पितळात सर्जन. पण वर्षातून दोनदा स्वतःची रजा टाकून, होडीत पेट्या भरून त्या डॅन्यूबच्या मुखाशी आमच्या कोळ्यांच्या गावी यायच्या आणि दवाखान्यात फुकट शस्त्रक्रिया करायच्या. गाठी काढायच्या, गळवं फोडायची. मोठं काही निघालं की तुल्चाच्या जिल्हा इस्पितळात पाठवायचं. मी इथली नर्स, आगाफिया.

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की कालव्यापलीकडचं चर्च दिसेना. पहिल्याच रोग्याचे टाके घालून होतायत, तोवर फेव्रोनियाकाकू दार ढकलून आत आल्या. मागून दोघे जण त्यांच्या नवऱ्याला, तेरेन्तीकाकांना, फळीवर घालून आणत होते.

काकांच्या जांघेत वर्षानुवर्षं अंतर्गळ, म्हणजे हर्निया, होता. बाहेर आला की बोटांनी आत ढकलायचे आणि पुन्हा जाळी ओढायला मोकळे. आज तो आत जाईना. ओकाऱ्या थांबत नव्हत्या.

डॉक्टरांनी हात लावून पाहिलं. "आतडं अडकलंय. कधीपासून दुखतंय?"

"पहाटेपासून," काकू म्हणाल्या. "आणि मला सांगतो काय, तर काल माशाचं सूप जास्त झालं!"

तुल्चाला फोन लावला. धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं आणि होडीनं पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती. डॉक्टरांसोबत आलेला भूलतज्ज्ञ चाचरत म्हणाला, "इथे करायचं? आपण गाठी काढायला आलोय, मॅडम."

"आतडं काही धुकं विरायची वाट बघणार नाही. सामान आहे, तू आहेस, आगाफिया आहे. झालं की!"

काका कण्हतानाही गप्प बसेनात. "बाईमाणसाच्या हातात सुरी मासे चिरतानाच शोभते."

"मग समजा स्वतःला मासा. तो निदान वटवट तरी करत नाही."

काकांना हसू आलं. पण मी त्यांच्या कमरपट्ट्याला हात लावला, तशी त्यांनी माझं मनगटच धरलं. बाप्तिस्म्यापासून बांधलेला पट्टा आमची जुनी माणसं कधी उतरवत नाहीत.

"हा सुटायचा नाही! पट्ट्यावाचून देवापुढे जायचं नाही मला."

"देवाकडे पाठवतंय कोण?" डॉक्टर म्हणाल्या. "सोडू नका, वर सरकवा. मला फक्त खालची जागा द्या."

काकूंनी स्वतः पट्टा छातीपर्यंत सरकवून गाठ मारली. काकांनी माझा हात सोडला.

जांघ बधिर केली, डॉक्टरांनी छेद दिला. आतड्याचा वेढा बाहेर आला तो जांभळाकाळा. त्यांनी आवळलेली जागा मोकळी केली, कोमट सलाईनमध्ये भिजवलेलं कापड वेढ्यावर ठेवलं आणि हात थांबवले.

"आता?" मी हळूच विचारलं.

"वाट बघायची. रंग परतला तर आत सारते. नाही परतला तर तेवढा तुकडा कापून जोडते. दोन्ही येतं मला."

मग काकांना म्हणाल्या, "सुपाला कुठला मासा चांगला हो?"

"एकच मासा घालणारा मूर्ख!" काका उसळले आणि कुठला मासा आधी, कुठला नंतर, हे सांगत सुटले. त्यांचं सांगून झालं तेव्हा डॉक्टरांनी कापड उचललं. वेढा गुलाबी झाला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो हलकेच वळवळला.

"शाब्बास," डॉक्टर आतड्याला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव एकाच बातमीसाठी खोळंबलं होतं. वारा सरला की आतडं चालू झालं असं समजायचं, आणि तोवर काकांना घासही मिळणार नव्हता. सकाळी काकू दवाखान्याच्या पायरीवर आल्या आणि कालव्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "सरला गं बायांनो, सरला!"

काठावर हशा पिकला. दुपारी दवाखान्याच्या दारात दाढीवाल्या बाप्यांची रांग लागली. प्रत्येकाचं काही ना काही लपवलेलं दुखणं होतं. डॉक्टरांनी शहरात फोन करून रजा वाढवून घेतली आणि पहिल्या माणसाला म्हणाल्या, "या आत. बघू, किती वर्षांचं आहे ते."