दर दुसऱ्या शनिवारी, तळ्याकाठी

दर दुसऱ्या शनिवारी मला माझी मुलगी भेटते. दोन तास. हॅनोव्हरहून रेल्वे, मग बस, मग तळ्याकाठचं ते जुन्या होड्यांचं म्युझियम. जागा सियानेच निवडली. आधी या भेटी घडवून आणणाऱ्या संस्थेच्या खेळण्यांच्या खोलीत भेटायचो, तिथे ती भिंतीला चिकटून बसायची. इथे मात्र दारातून आत आली की जी सुटते ती थेट बदकांपाशी थांबते.

लाकडी बदकं. भिंतभर फळ्यांवर ओळीनं बसलेली, चोचीचा रंग उडालेली, एखाद्याच्या पाठीत छर्ऱ्यांचे खळगे. पूर्वी शिकारी ती पाण्यावर सोडायचे. वरून उडणाऱ्या खऱ्या बदकांना वाटायचं, आपलीच मंडळी निवांत बसलीत, म्हणजे भ्यायचं कारण नाही. ती खाली उतरायची.

"हे बघ, हे ओपासारखं दिसतंय," सिया म्हणाली. ती माझ्याशी जर्मनच बोलते; ओपा म्हणजे तिचे इथले आजोबा. "जेवल्यानंतरच्या ओपासारखं."

मला हसू फुटलं. मागे उभ्या असलेल्या फ्राऊ ल्यूडर्सही हसल्या.

फ्राऊ ल्यूडर्स म्हणजे आमच्या भेटींवर लक्ष ठेवणाऱ्या बाई. वाईट नाहीत. सियासाठी खिशात बिस्किटं आणतात. पण एक नियम त्या ढळू देत नाहीत: मी मुलीशी जर्मनच बोलायचं, त्यांना कळेल असं. मराठी बोलले की त्यांना ते लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कोर्टात जातं.

हे सगळं पुण्यातल्या एका शाळेपायी. मागच्या वर्षी नवऱ्याचं, मार्कुसचं, आणि माझं बिनसलं, तेव्हा उन्हाळ्यात महिनाभर सियाला घेऊन माहेरी जायचं ठरवलं होतं. परतीचं तिकीटसुद्धा काढलं होतं. पण माझ्या आईने तेवढ्यात घराजवळच्या शाळेत सियाचं नाव घालून ठेवलं.

"अगं नीलू, आत्ता नाही घातलं तर नंतर दारात उभं करत नाहीत. नको असेल तर काढू की. काय बिघडतंय?"

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पोर रांगत असतं तेव्हापासून लोक नाव घालून ठेवतात. मी ते मार्कुसला कॉफी ओतता ओतता हसत सांगितलं. तो हसला नाही. पुढे कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, परत यायचं होतं तर मुलीला तिकडे शाळा कशाला? मी समजावत राहिले. नुसतं नाव घालून ठेवणं म्हणजे काय, ते जज्जबाईंना मी कुठल्याही भाषेत सांगू शकले नसते. मी मुलीला कायमची तिकडे घेऊन जाईन, असं त्यांनी धरलं आणि सिया मार्कुसकडे राहिली.

गुरुवारी पुन्हा तारीख आहे. आजची भेट नीट झाली तर सिया माझ्या घरी येऊ लागेल. माझ्या पलंगावर झोपेल, मी तिचे केस विंचरेन. नाहीतर भेटीही बंद करा, अशी मागणी मार्कुसच्या वकिलाने करूनच ठेवली आहे.

म्हणून आज मी शब्द तोलून बोलत होते. माझं जर्मन घरमालकापुरतं, पोस्टापुरतं, ऑफिसापुरतं. लाडाचं जर्मन मला कुणी शिकवलंच नाही.

"मामा, ती खरी बदकं खाली आली की त्यांना कळायचं का?" इथली मुलं आईला मामा म्हणतात.

"काय?"

"की ही लाकडाची आहेत म्हणून."

"कळायचं."

"मग उडून जायची?"

"काही," मी म्हटलं.

तिला तेवढं पुरलं. ती पलीकडच्या दालनात होड्यांकडे पळाली. मासेमारीच्या सपाट बुडाच्या होड्या, डांबर फासलेल्या, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या. पुढे दोर बांधला होता. सियाचा पाय त्यात अडकला आणि कपाळ होडीच्या काठावर आपटलं. भुवईतून रक्त आलं.

"अगं सोन्या! काही नाही झालं, काही नाही झालं, आई आहे ना!"

मी तिला उचलून छातीशी धरलं होतं. बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय बोलले.

"फ्राऊ हार्टमान," मागून फ्राऊ ल्यूडर्सनी मला हळूच हाक मारली. "जर्मनमध्ये. प्लीज."

मी काही म्हणायच्या आत सियाने रडता रडता माझ्या तोंडावर हात ठेवला. "मामा, जर्मन बोल! जर्मन बोल ना! नाहीतर तुला येऊ देणार नाहीत!"

हिला कुणी सांगितलं? का ऐकून ऐकून हिने आपलं आपण ओळखलं? एवढासा जीव, कपाळ फुटलंय, आणि ती मलाच सांभाळत होती.

मी जर्मन बोलले. "कृपया शांत व्हा," असंच काहीतरी तोंडातून निघालं. ऑफिसातल्या खिडकीमागची बाई मला म्हणते तसं. सिया आणखी जोरात रडू लागली. मग मी तिला नुसती डोलवत राहिले. फ्राऊ ल्यूडर्सनी पट्टी आणली, आणि मला वाटतं, वेळ संपत आली तरी घड्याळाकडे पाहायचं त्यांनी मुद्दाम टाळलं.

होड्यांच्या दालनाचं मागचं दार धक्क्यावर उघडतं. धक्क्यावरून बसस्टॉप दिसतो. मी त्या दाराकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, बराच वेळ पाहिलं. पण सियाचा पासपोर्ट माझ्याजवळ नाही, आणि बस स्टेशनपर्यंतच जाते, तिथली रेल्वे हॅनोव्हरलाच. बाहेर मार्कुसच्या गाडीचा हॉर्न वाजला. माझ्या गळ्यातले तिचे हात मीच सोडवले.

मार्कुसने पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला. सियाने हात हलवला नाही. तिला हुंदके येत होते.

"मला लिहावं लागेल," फ्राऊ ल्यूडर्स म्हणाल्या.

"लिहा. पण मी काय म्हणाले, तेही लिहा."

त्यांनी पेन उघडलं. "काय म्हणालात?"

"काही नाही झालं, असं म्हणाले."

"आणि नंतर?"

'आई आहे ना.' मी जर्मनमध्ये जुळवून पाहिलं. जुळत नव्हतं. शेवटी जे निघालं ते एवढंच: "मामा इस्ट दा." आई इथे आहे.

तोवर गाडी फाटकाबाहेर पडून वळली होती. फ्राऊ ल्यूडर्सनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली मान घालून लिहून घेतलं.