मशेरीने घासलेलं तोंड

श्रावणी सोमवारी कापडे गावच्या शाळेत तोंडाच्या तपासणीचं शिबिर होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई, विठाआक्का, यांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता. "दुखत नाय, खुपत नाय, कशाला जायचं?" म्हणत होत्या. पूजा आटोपून मीच त्यांना हाताला धरून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यावर मऊ ब्रश गोल फिरवला. कापाकापी नाही. ब्रशाला लागलेल्या पेशी काचेवर घ्यायच्या नि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. पण ब्रश काळाभोर निघाला.

"मशेरी लावलीत?"

"आरोग्याची आशाताईच बोलली, तोंड साफ करून या. म्हणून आज दोनदा घासली!"

"आक्का, दात दाखवायला नव्हतं गो बोलावलं!" मागून शेजारची मीना ओरडली नि बायका हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आम्हा बायकांना मशेरी म्हणजे तोंड धुणंच. तंबाखूचं व्यसन ते पुरुषांचं.

"नमुना वाया गेला. आठवडाभर मशेरी बंद, मग महाडच्या दवाखान्यात या."

वाटेत आक्का खुशीत. "बघ, काय निघालं नाय."

"निघालं नाही असं नाही, आक्का. दिसलं नाही."

संध्याकाळी उपास सोडताना पाहिलं, त्या घास उजवीकडेच चावत होत्या. मोबाईलचा उजेड तोंडात धरला. चट्टा मधोमध लालभडक झाला होता.

"तिखट चरचरतं जरा. वय झालं गो."

मी उठले. देव्हाऱ्यातल्या महादेवापुढे जाऊन म्हटलं, "आजपासून मी मीठ सोडलं. आक्कांनी मशेरीला बोट लावलं, तर माझा नेम मोडला."

"माझ्या पापाला तुझा नेम कशाला बांधतेस, आवडे?" त्या चिडल्या. पण मशेरीचा डबा त्यांनीच उकिरड्यावर टाकला. दुसऱ्याचं व्रत मोडायची त्यांची छाती नव्हती. तलफ आली की मात्र रिकामंच बोट दातांवरून फिरवायच्या.

आठवड्याने महाडला ब्रशाला काळं लागलं नाही, नमुना घेता आला. मग सिस्टरचा फोन आला.

"आवडीताई, पेशी बदललेल्या दिसतायत. आता छोटा तुकडा काढून बघावा लागेल. उद्याच आणा त्यांना. लवकर सापडलं तर बरं होतं."

आक्का चुलीपाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"लवकर म्हणजे कधी गो?" त्या हळूच म्हणाल्या. "दिवाळीपासून हाय तो चट्टा."

मी उद्याच्या एसटीसाठी त्यांचं लुगडं काढून ठेवलं.