मंगळवारचा अर्धा तास

मी साबणाच्या वड्यांवर ठसा मारणारी प्रेस बोलतेय. जरा मोठ्यानं बोलते, सांभाळून घ्या. सव्वीस वर्षं खाडखाड करण्यातच गेली.

इथं आल्यापासून मला चालवतात काकू आणि दुरुस्त करतात फिटरमामा. पूर्वीची रीत सोपी होती. मी बंद पडले की मामांना हाक. मी नेमकी माल गाडीत चढायच्या वेळी रुसून बसायचे. मग सगळा कारखाना गोळा व्हायचा, मामा बाह्या सरसावून यायचे आणि मी पुन्हा धडधडू लागले की ऐटीत चहा मागायचे. खरं सांगते, तो थाट मलाही आवडायचा.

मग मामांचीच लेक शिकून देखभालीची साहेब होऊन आली. तिनं भिंतीवर तक्ता लावला. कुठलं मशीन कधी तपासायचं, कुठला भाग कधी बदलायचा, सगळं तारखेनिशी. माझ्या वाट्याला दर मंगळवारी अर्धा तास आला.

चालत्या मशीनला थांबवायचं म्हटल्यावर मामा चिडले. "ठणठणीत माणूस दवाखान्यात जातो का?"

"तेव्हाच जावं, बाबा," ती म्हणाली. "घरीही तुम्हाला हेच सांगते."

तिसऱ्या मंगळवारी मामांनी कुरकुरत माझं झाकण उघडलं, शाफ्ट पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. केसाएवढी चीर होती. शाफ्ट तुटला असता तर वरचा ठसा थेट काकूंच्या बोटांवर आला असता. मामांनी काकूंना दूर बसवलं आणि स्वतः जाऊन लेकीला बोलावून आणलं. त्या दिवसापासून तक्त्यावर सही मामांची.

नवा शाफ्ट बसला, पण माझं वयही मोजलं गेलं. बदलीची तारीख मामांनीच लिहिली, सावकाश, वळणदार अक्षरात. नवी प्रेस दोन आठवडे आधीच आली. काकू तिच्यावर हात बसवतात नि कौतुक माझं करतात. माझी चांगली बेअरिंगं पलीकडच्या धाकट्या प्रेसला जाणार आहेत.

मला उद्या थांबवणार. आज मंगळवार. लेक म्हणाली, "बाबा, आज राहू द्या. उद्या ती निघणारच आहे."

मामांनी तेलाची बुधली उचलली. "तक्त्यात आहे," म्हणाले, आणि सांधा न् सांधा पुसून मला तेल घातलं.

काय सांगू, इतकी हलकी मी नवी असतानाही फिरले नव्हते. तुमच्याकडेही एखादं मशीन मुकाट्यानं चालत असेल, तर त्याची विचारपूस आजच करा. मला आता जाऊ द्या. काकूंनी बटण दाबलंय आणि पाळी संपायला अजून दोन तास आहेत.