चाळीस आकड्यांची ग्रेव्ही

रविवारी सकाळी अकराला सासूबाई गॅसपाशी उभ्या राहिल्या की सुनेने काय करायचं ते त्या घरात ठरलेलं होतं. बटाटे कापायचे, भांडी विसळायची आणि बोलणी खायची. गॅसला हात लावायचा नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण रविवारची ग्रेव्ही तिने एकदाही केली नव्हती. पहिल्याच महिन्यात ती हौसेने पातेल्यात डाव घालायला गेली, तर सासूबाईंनी तिचं मनगट धरून तिला बाजूला केलं आणि म्हणाल्या, “राहू दे. तुझ्या हाताला नाही जमायचं.” नवरा टेबलाशी बसला होता, तो फिस्सकन हसला. सासूचं बोलणं ती कधीच विसरली असती, पण ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं.

आता गंमत बघा. हीच सून सोमवार ते शनिवार एका कारखान्यात बसून दिवसभर ग्रेव्हीच चाखायची. पाकिटातली ग्रेव्ही, उकळत्या पाण्यात टाकून ढवळली की दोन मिनिटांत तयार. एक थेंब जिभेवर ठेवायचा आणि सांगायचं, मीठ चढलंय, पीठ कच्चं आहे, कांद्याची पूड जुन्या पोत्यातली दिसते. मग चूळ भरायची आणि पुढची वाटी. तिथे तिला सगळे चाखणबाई म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. तिने मान हलवल्याशिवाय एक पाकीट दाराबाहेर पडत नव्हतं. आणि घरी? घरी तिला मिठाचंही कुणी विचारत नव्हतं. “आमची सून पाकिटं चाटायचा पगार घेते,” सासूबाई शेजारणीला सांगायच्या, आणि तेही चाखणबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

घर दोन खोल्यांचं. आतली खोली सासूबाईंची, तिला दार होतं, कडी होती. नवराबायको बाहेरच्या खोलीत रोज रात्री सोफा उघडून झोपायचे आणि सकाळी मिटायचे. सासूबाईंना थोरला मुलगाही होता, पण त्याच्याकडे त्यांच्या वाट्याला पॅसेजमधली खाट यायची, कपाटाशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. चाखणबाईने तीनदा विषय काढला होता, आईंनी थोडे दिवस दादांकडे राहावं म्हणून. तिन्ही वेळा नवऱ्याचं उत्तर एकच. “आई गेली तर रविवारी खायचं काय?” तो हे हसत म्हणायचा, पण थट्टा नव्हती ती. आठवडाभरात त्याचं आईशी “जेवलीस का” आणि “औषध घेतलंस का” एवढंच बोलणं. जो काय जीव होता तो त्या पातेल्यात. सासूबाई हे पुरतं ओळखून होत्या, म्हणून तर डाव कुणाच्या हाती देत नव्हत्या.

एक दिवस साहेबांनी चाखणबाईला बोलावलं. म्हणाले, “लोक म्हणतात, चव चांगली आहे पण घरची नाही. आता घरची म्हणजे नेमकी कुणाच्या घरची, बाई?”

“मी आणते,” चाखणबाई म्हणाली. तोंडातून निघून गेलं आणि मग तिला बरं वाटलं.

त्या रविवारपासून एक लहानशी डबी ओट्याच्या खालच्या कप्प्यात असायची. जेवणं झाली की चार चमचे ग्रेव्ही डबीत, डबी पर्समध्ये, आणि सोमवारी पर्स लॅबमध्ये. लॅबवाल्यांनी कांद्याचं प्रमाण काढलं, पिठाचं काढलं, हाडांच्या अळणी पाण्याचं काढलं. महिनाभरात सगळं जुळलं, फक्त शेवट जुळेना. घास गिळल्यावर घशाशी काहीतरी रेंगाळायचं, ते यांच्या वाटीत नव्हतं. बाकीच्यांनी हात टेकले. चाखणबाई डोळे मिटून बसली, पुन्हा चाखलं, आणि तिला हसूच फुटलं.

“करपलंय,” ती म्हणाली. “कांदा खाली लागलाय. अगदी जरासा.”

“करपलेलं कोण विकत घेणार?” साहेब.

“ज्यांच्या आयांनी करपवलं ते सगळे घेणार.”

पण जरासा म्हणजे किती? कमी करपवला तर पत्ता लागत नव्हता, जास्त करपवला तर थुंकावंसं वाटत होतं. म्हणून पुढच्या रविवारी ती बटाटे कापता कापता सासूबाईंच्या हातावर नजर ठेवून उभी राहिली. कांदा गुलाबी झाला, लाल व्हायला लागला, डाव छान फिरत होता. तेवढ्यात सासूबाईंची नजर बटाट्यांवर गेली.

“अगं, हे बटाटे कापलेस की दगड फोडलेस? एक एवढा, एक तेवढा!” डाव हातात तसाच वर धरून त्या गर्रकन वळल्या आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. आधी बटाटे, मग ओल्या ओट्याचा उद्धार, मग कामाला जाणाऱ्या बायकांची घरं कशी असतात ते, मग तिची आई, मग सगळं माहेर. माहेर संपलं तेव्हा त्या पुन्हा पातेल्याकडे वळल्या, खालचा कांदा खसाखसा खरवडून वरच्यात मिसळला आणि पीठ टाकलं. झाली चव!

चाखणबाईच्या हातातली सुरी थांबली. एवढंच होतं ते! यात ना हातगुण ना माया, नुसती बोलणी. सासूबाईंनी जन्मात कधी गप्प राहून कांदा परतला नव्हता. सून यायच्या आधी त्या सासऱ्यांवर तोंड सोडत असणार, त्याच्याही आधी पोरांवर. ज्या चवीसाठी नवरा जीव टाकत होता, ती त्याने लहानपणी खाल्लेल्या ओरड्याची चव होती. आणि हे सासूबाईंच्या गावीही नव्हतं. त्यांना वाटायचं, कांदा लाल होतो तो असाच.

पुढचे तीन रविवार तिने मुद्दाम बोलणी खाल्ली. एकदा बटाटे वेडेवाकडे कापले, एकदा दुधाचं भांडं न घासता तसंच ठेवलं, एकदा उगाच म्हणाली, “आई, आज माझी आई येणार होती.” सासूबाई वळल्या की ही खाली मान घालून मनात आकडे मोजायची. एक, दोन, तीन. तिच्या आईपर्यंत पोचेस्तोवर पंचवीस व्हायचे, माहेर आटपेस्तोवर चाळीस. तिन्ही वेळा चाळीसच, फार तर एखाददुसरा इकडेतिकडे. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या बोलण्यांचं काही वाटलं नाही. सोमवारी तिने लॅबमध्ये सांगितलं, “कांदा लाल व्हायला लागला की चाळीस आकडे हात लावायचा नाही. मग खरवडून घ्यायचा.” साहेबांनी वाटीला बोट लावलं, चाटलं आणि पुन्हा बोट बुडवलं. त्यांनाही आपली आई आठवली असावी.

पाकीट दुकानात आलं. वर मोठ्या अक्षरांत ‘आईच्या हातची’. चाखणबाईने घाई केली नाही. ती वाट बघत राहिली.

एका रविवारी सासूबाईंना ताप भरला. नवरा तोंड पाडून बसला होता, आई आजारी म्हणून नव्हे, पाव नुसता खावा लागणार म्हणून. चाखणबाई उठली, पाणी उकळलं आणि पाकीट कापलं. आतून सासूबाई ओरडल्या, “गॅसशी कोण आहे? अगं, तुझ्या हाताला—”

“असू द्या हो आई, पडून राहा तुम्ही.”

नवऱ्याने पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. “आईने कधी उठून केली?” त्याने अख्खी वाटी पुसून खाल्ली. मग चाखणबाई दुसरी वाटी घेऊन आत गेली, सासूबाईंना उशी लावून बसवलं आणि स्वतःच्या हाताने चमचा तोंडाशी नेला. सासूबाईंनी गिळलं. त्यांचे डोळे विस्फारले.

“ही माझी आहे.”

“तुमचीच. दुकानात मिळते आता,” असं म्हणून तिने कापलेलं पाकीट पांघरुणावर ठेवलं. “दर रविवारी डबीतून थोडी थोडी नेली, आई. तुमच्या लक्षातच आलं नाही.”

“चोरटी! अरे बघ, बघ तुझ्या बायकोने काय केलं ते!” सासूबाई किंचाळल्या. नवरा पाव चावत दारात आला, पाकीट उलटसुलट करून वाचलं आणि खूश झाला.

“अगं, चिडतेस काय? चांगलं झालं की! आता तुला तास तास उभं राहायला नको.” तो हे अगदी मायेने म्हणाला. सासूबाईंनी तोंड मिटलं, ते मिटलंच.

ताप उतरला. पुढच्या रविवारी त्या दहालाच गॅसपाशी हजर. आज त्या दाखवून देणार होत्या, पाकीट ते पाकीट आणि हात तो हात. परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या त्या पातेल्यात डोळे घालून उभ्या होत्या. डाव क्षणभर थांबला नाही. आणि चाखणबाई? ती इतकी गुणी सून झाली होती की काय सांगावं! बटाटे सगळे एका मापाचे कापले, ओटा कोरडा ठणठणीत, भांडी जागच्या जागी, आणि तोंडातून “हो आई” शिवाय शब्द नाही. सासूबाईंनी एकदा मान वळवली, बोलायला जागा शोधली, सापडली नाही, आणि त्या पुन्हा कांद्याकडे वळल्या. कांदा काय सुंदर झाला होता, सोन्यासारखा, कुठे डाग नाही. चाखणबाई मनातल्या मनात आनंदाने चाळीस मोजत होती.

नवऱ्याने घास घेतला, मग दुसरा घेतला. “आई, आज काहीतरी राहिलंय गं.”

“काय राहिलं?”

“काय माहीत. वाईट नाही, पण आपली नाही वाटत.”

दुसऱ्या रविवारी सासूबाईंनी हाडं दुपटीने उकळली. तिसऱ्या रविवारी कांदा तासभर मंद आचेवर परतला, एक अक्षर न बोलता, घामाने थबथबून. त्या दिवशी नवरा तिसऱ्या घासाला ताटावरून उठला, पाणी गरम केलं, पाकीट कापलं, आणि ओट्याशी उभ्या उभ्याच पाव बुडवून खाल्ला. आईकडे त्याची पाठ होती. “हं,” तो म्हणाला, “ही खरी.”

त्याच संध्याकाळी त्याने दादाला फोन केला. थोडे दिवस हवापालट, असं म्हणाला. रविवारी काय खायचं हे मात्र या वेळी म्हणाला नाही.

शनिवारी सकाळी, चाखणबाई कामाला निघायच्या आधीची, रिक्षा सांगून ठेवली होती. सासूबाईंची बॅग दाराशी होती आणि त्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी आपलं पातेलं घासून पुसून ओट्यावर पालथं घातलं होतं. चाखणबाई पाणी प्यायला आत गेली तर त्यांनी तिचा हात धरला. याच हाताला त्यांनी एकदा बाजूला सारलं होतं.

“अगं, ऐक. तुझी जीभ पक्की आहे म्हणतात सगळे. मला खरं सांग. माझ्याकडून काय राहतंय?”

नऊ वर्षांत त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. आवाजात गुर्मी नव्हती, रुसवा नव्हता, होती ती नुसती भीती. पॅसेजमधल्या खाटेची भीती. चाखणबाईला उत्तर ठाऊक होतं, अगदी जिभेवर आलं होतं. ‘तुम्ही मला बोलला नाहीत, आई. एवढंच राहिलं.’ एवढं म्हटलं असतं तर उद्याच्या रविवारी पातेलं पुन्हा चढलं असतं, कांदा करपला असता, लेक खूश झाला असता आणि बॅग उघडली गेली असती. तिला दया आली, नाही असं नाही. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं, खिडकीतलं ऊन रिकाम्या पलंगावर पडलं होतं, आणि तिला नवऱ्याचं ते फिस्सकन हसणं आठवलं.

तिने सासूबाईंचा हात आपल्या हातावरून अलगद काढला.

“राहिलं काहीच नाही, आई. हातच गेला तुमचा. आता तुमच्या हाताला नाही जमायचं.”

सासूबाईंनी भांडावं, शिव्या द्याव्यात, तिच्या आईला बोलावं, याची चाखणबाई वाट बघत राहिली. पण त्यांनी आपले दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. सुनेची जीभ चुकत नाही हे त्यांनी पहिल्यांदाच मानलं, आणि मानलं तेही या खोट्यापुरतं. “पातेलं ठेव तुला,” त्या म्हणाल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला गॅस चाखणबाईचा होता. तिने त्याच पातेल्यात पाणी उकळलं, पाकीट ओतलं, ढवळलं आणि सवयीने थेंबभर जिभेवर ठेवलं. मीठ बरोबर होतं, पीठ बरोबर होतं. मग घशाशी तो करपटपणा आला, आणि तिची मान आपोआप खाली गेली. डोक्यात आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. पंचवीसला तिची आई आली, मग माहेर आलं. चाळीस होईस्तोवर ती ओट्याला धरून तशीच उभी होती, कान तापलेले, आणि मागे तर कुणीच नव्हतं.

“झाली का गं?” बाहेरून नवऱ्याने विचारलं. “आईच्या हातचीच ना?”

“हो,” ती म्हणाली आणि त्याला वाढायला गेली.