राजधानीतलं माहेर

“काका, तुमचं गाव आता गाव राहिलेलं नाही,” प्रणिता मॅडम म्हणाल्या.

प्लांटच्या वसाहतीतल्या सिविक सेंटरच्या बँकेत घरकर्जासाठी शालिकराम बोपचेची ही चौथी खेप. मॅडम रायपूरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. आपली बोली ऐकून काम होईल, असं त्याला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

“गाव नाही म्हंजे? म्हशी हायेत, तलाव हाय, लाइट दिवसातून चारदा जाते. अजून काय पायजे गावाले?”

“जागा काकूंच्या नावावर. त्यांच्या आधारवर पत्ता ‘नवा रायपूर’. तो पाहून वरच्या ऑफिसनं हद्द तपासली. गाव राजधानीत निघालं. ग्रामीण घरकर्ज राजधानीत देत नाहीत.”

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, मथुरेनं पदर सारखा केला, मान खाली घातली.

तो पत्ता तिनंच बदलून घेतला होता, मुलीच्या, गुंजनच्या लग्नाच्या वेळी. गोंदियाकडचे सोयरे विचारत, घर कुठं? शालिकराम चौतीस वर्षं पोलादाच्या प्लांटच्या मिलमध्ये राबला, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहिला, पण क्वार्टर कंपनीचं. प्लांटमधले सगळेच असे जगतात. रिटायर होईपर्यंत घर बांधायचं कुणाला सुचत नाही. मग मथुरेनं रांगेत उभं राहून माहेरच्या जागेचा पत्ता कार्डावर घातला. राजधानीत घर हाय, म्हटल्यावर सोयरे खुर्चीत सावरून बसले.

दोन हजार साली वेगळं राज्य झालं तेव्हा शालिकरामनंही लाडू वाटले होते. रायपूर राजधानी झालं. पण साहेबलोकांना ते पुरेना. खेड्यांच्या शेतांवर रेघा मारून त्यांनी दुसरं शहर काढलं, नवा रायपूर. सासऱ्याचं धानाचं शेत त्या रेघेखाली गेलं. तिथं आता एवढा रुंद रस्ता आहे की दुपारी त्यावर कुत्रंही दिसत नाही. उरली ती घराची जागा आणि तीन भिंती.

“मंग शहरी लोन द्या.”

“त्याला मंजूर नकाशा लागतो.”

“गेलतो न नकाशाच्या हापिसातबी. त्यायच्या नकाशात आमच्या घरावर बगीचा हाय. बाबू म्हणे, घर कुठं दिसून राहिलं?”

मॅडमला हसू येता येता राहिलं. “माझ्या हातात काही नाही हो.”

“पेन हाय न. असाच एक पेन घेऊन कोणीतरी आमाले राजधानीत टाकलं. आमाले इचारलं होतं का?”

मॅडमनी अर्ज पाकिटात घालून परत दिला. दोन्ही हातांनी दिला, एवढंच.

बाहेर ऊन रणरणत होतं. मथुरा स्कूटरपाशी थांबली. “माह्यामुळं झालं.”

“तुह्यामुळं कावून? गुंजन सुखात हाय न?”

“हाय.”

“मंग बस मागं. उगा बोलू नको.”

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची मुदतही एकतीस तारखेला संपत होती. कुम्हारीत हायवेच्या मागं भाड्यानं एक खोली मिळाली. साठीतल्या माणसाला घरमालकानं विचारलं, “कितने दिन रहोगे?” शालिकरामनं पहिल्या महिन्याचं भाडं मोजून पुढं ठेवलं.

एकतीसला सामानाचा टेम्पो पुढं गेला. मथुरेनं पदर खोचला अन् रिकामं क्वार्टर धुवायला घेतलं. आतल्या खोलीपासून पुसत पुसत, उलट्या पावलांनी, ती उंबऱ्याबाहेर आली.

“आता कोणासाठी घासतेस?” शालिकराम चिडला.

“येनाऱ्या बाईनं मले घाणेरडी म्हणू नये.”

तेवढ्यात ताबा घ्यायला ऑफिसचा भूपेंद्र आला. बूट, हातात फाइल. “चलो बोपचेजी, जल्दी. पंखे, स्विच गिन लेते हैं.”

शालिकराम दारात आडवा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच ऑफिसच्या माणसासमोर.

“फर्श गीला है,” तो म्हणाला. “सूखने दो.”

भूपेंद्रनं घड्याळ पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, अन् पायरीवर बसला. तिघंही दाराबाहेर, फरशी वाळायची वाट पाहत राहिले.