कारण एका ओळीत

नृसिंहराव पाठकांना रडू आलं नाही, याचा त्यांच्यापेक्षा नातेवाइकांनाच जास्त त्रास झाला. श्रावणात बायको गेली. तेराव्याला आलेल्या प्रत्येकानं पाठीवर हात ठेवून ‘रडून मोकळे व्हा’ असं सांगितलं, जणू रडणं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि हेच आळसानं आणायला जात नाहीत. नृसिंहराव मान हलवायचे. चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि एका दूध केंद्राचा अडकलेला प्रिंटर फोनवरून सोडवून दिला.

बातमी कळवण्याचे फोन शौनकनं, त्यांच्या मुलानं केले होते. बँकेत, पेन्शनच्या ऑफिसात मृत्यूचा दाखलाच बोलला. शौनक पुण्याला परत गेला आणि श्रीरामपुरातल्या त्या तीन खोल्यांत विषय काढायला कुणी उरलं नाही. ‘नीलांबरी वारली’ हे दोन शब्द सात महिन्यांत नृसिंहरावांच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. तशी वेळच आली नाही, असं ते म्हणाले असते. विचारलं असतं तर.

त्यांचा धंदा म्हणजे एकच प्रोग्रॅम. दूध संकलन केंद्रावर किटली काट्यावर चढली की लीटर मोजायचे, मशीनकडून फॅट घ्यायचा, पडद्यावर दाखवायचा आणि स्पीकरवर मोठ्यानं सांगायचा: ‘सात लीटर. फॅट चार पॉइंट दोन.’ ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, आणि कुणी कुणावर संशय घेऊ नये. त्रेसष्ट केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ हे चालायचं. तो आवाज नीलांबरीचा होता. प्राथमिक शाळेत पाढे म्हणून घेणारा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. चौदा वर्षांपूर्वी तिनं शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतचे आकडे म्हणून दिले होते.

तपासणी करताना तो आवाज नृसिंहराव दिवसातून पन्नासदा वाजवत. वाजवताना त्यांना काहीही होत नसे. त्यांच्या लेखी ती नीलांबरी नव्हती. ‘आवाज’ नावाच्या फोल्डरातल्या एकशे सात फाइली होत्या. ती गेल्यावर तरी हे बदलेल असं त्यांना वाटलं होतं. नाही बदललं.

मग दिवाळीच्या सुमारास जुन्या विंडोजची मुदत संपली. केंद्रांवरचे कॉम्प्युटर इतके म्हातारे की नवी विंडोज त्यांच्या अंगाला येईना. दूध संघानं ठरवलं, सगळीकडे विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं आणि नृसिंहरावांनी आपला प्रोग्रॅम तिथं चालवून दाखवायचा. हे काम बिऱ्हाड हलवण्यासारखं असतं. सामान सगळं पोचतं, पण नव्या घरात एकेक वस्तू रुसून बसते. काटा रुसला, मग फॅटचं मशीन, मग प्रिंटर. फाल्गुनापर्यंत नृसिंहरावांनी सगळ्यांची समजूत काढली. राहिला आवाज.

शुक्रवारी सकाळी कोल्हारच्या केंद्रावरून सहादेवचा फोन आला. केंद्र तोच सांभाळायचा.

“सर, बाई आकडाच खाऊन टाकत्यात. नुसतं ‘लीटर’ म्हनत्यात. किती लीटर ते कुनी सांगायचं? छबूबाईला पडद्यावरचं दिसत न्हाई. ती किटली धरून हुभी ऱ्हायली, म्हनली बाईंनी सांगितल्याबिगर मी हालनार न्हाई. मागं ही रांग!”

दुपारी संघाच्या ऑफिसातून फोन. तिथले साहेब सभ्यपणे म्हणाले, “पाठक, सोमवारपर्यंत बघा. नाहीतर तयार यांत्रिक आवाज बसवून टाकू. तोही बाईचाच आहे. कुणाला फरक कळणार नाही.”

सल्ला शहाण्याचा होता. तीन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात संपलं असतं. तरी नृसिंहराव म्हणाले, “सोमवारपर्यंत थांबा. तो आवाज काढू नका.” आपण असं का म्हणालो, ते त्यांना सांगता आलं नसतं.

अशा वेळी जायची एकच जागा होती. ‘डेस्कटॉपवाले, नगर जिल्हा’ हा ग्रुप. जिल्ह्याचं नाव बदललं, ग्रुपचं बदलायला कुणाला सवड झाली नव्हती. चाळीसेक माणसं, कुणी शाळांच्या निकालाचे प्रोग्रॅम लिहिणारं, कुणी कांदा मार्केटचे. सगळं जग मोबाईलच्या मागं धावत असताना ही मंडळी टेबलावरच्या कॉम्प्युटरशी इमान राखून होती, त्यामुळे एकमेकांना धरून होती. पण नियम कडक. ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं म्हणायचं नाही. म्हणणाऱ्याची यथेच्छ टिंगल व्हायची. अडचण घेऊन आलात तर अख्खा प्रोग्रॅम लोकांच्या अंगावर टाकायचा नाही. एकेक गोष्ट काढत जायचं, आणि सगळं काढूनही चूक राहते तेवढंच पाठवायचं. अडचण सुटली की कारण एका ओळीत लिहून ठेवायचं. मधल्या बोलण्यात काही चुकीचं सांगितलं असेल तर आधी ते दुरुस्त करायचं, कारण पाच वर्षांनी कुणीतरी त्यावर विसंबून काम करणार.

नृसिंहरावांनी सहादेवकडचा जादा कॉम्प्युटर आणि तसलाच स्पीकर घरी आणला आणि शनिवारी सकाळपासून काढायला बसले. काटा काढला. चूक तशीच. फॅटचं मशीन काढलं, प्रिंटर काढला, पडदा काढला. अकरा हजार ओळींचा प्रोग्रॅम सोलत सोलत दुपारी बारापर्यंत पाच ओळींवर आला. फाइल उघड, वाजव, बंद कर. आणि एक फाइल, ‘चार’. स्पीकरमधून फक्त शेवटचा ‘र’ येत होता.

चौदा वर्षांच्या कामातून सगळं काढून टाकल्यावर एवढंच उरलं. त्यांनी ते ग्रुपवर पाठवलं आणि जेवायला बसले.

हात धुऊन येतात तर उत्तर आलेलं. पारनेरची रेश्मा. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मागे एकदा त्यांनी तिचा एक प्रश्न सोडवून दिला होता, तेव्हापासून ती त्यांना काका म्हणायची.

“काका, स्पीकर बाहेरचा आहे का?”

“हो. तुम्हाला काय वाटतं?”

“अहो-जाहो नको म्हटलंय ना मी. तीच फाइल लागोपाठ दोनदा वाजवा.”

त्यांनी वाजवली. पहिल्यांदा ‘र’. लगेच दुसऱ्यांदा, स्वच्छ, ‘चार’.

“झोपतो तो,” रेश्मानं लिहिलं. “दोन माणसांच्या मध्ये अर्धं मिनिट जातं, तेवढ्यात स्पीकर डुलकी काढतो. विंडोज त्याला सारखं काहीतरी बारीक पाठवत राहायची, म्हणून जागा असायचा. इथं काम नसलं की लाईन बंद. तुमचा पहिला शब्द त्याला उठवण्यातच खर्च होतो.”

मग दोघांनी संध्याकाळपर्यंत झटापट केली. लाईन उघडी ठेवून पाहिली, तरी स्पीकर पेंगला. आकड्याच्या आधी अर्ध्या सेकंदाची शांतता जोडून पाहिली. ढिम्म. पारनेरहून रेश्मा सांगायची, श्रीरामपुरात नृसिंहराव करायचे, आणि स्पीकर दरवेळी ‘र’ म्हणायचा.

रविवारी सकाळी तिचा मेसेज आला.

“काका, कळलं. आपण जोडली ती शांतता मशीननं बनवलेली आहे. शुद्ध शून्य. त्या स्पीकरला ती ऐकूच जात नाही, तो झोपूनच राहतो. खऱ्या खोलीतली शांतता पाहिजे. तिच्यात काहीतरी असतंच. ज्यांचा आवाज आहे त्यांना पुन्हा बसवता येईल का? आकडा म्हणायच्या आधी सेकंदभर थांबा म्हणावं.”

नृसिंहरावांनी लिहिलं, “नाही जमणार.”

“गावाला गेल्यात का?”

“हो.”

किती सहज लिहिलं गेलं! तेवढ्यानं विषय संपला म्हणून त्यांना बरंही वाटलं.

“मग मूळ रेकॉर्डिंग असेल ना?” रेश्मानं विचारलं. “ज्यातून तुम्ही आकडे कापून घेतलेत ते?”

होतं. कपाटात, नीलांबरीच्या शाळेच्या फायलींखाली, जुन्या हार्ड डिस्कमध्ये. मे महिना होता तेव्हा. आवाज नको म्हणून फॅन बंद, खिडकीवर गोधडी, आणि आत घामानं निथळत नीलांबरी आकडे म्हणतेय. प्रत्येक आकड्याच्या आधी ती श्वास घ्यायची. नृसिंहरावांनी नंतर चार दिवस खपून ते सगळे श्वास कापले. हिशेब सरळ होता. माणशी एक सेकंद वाचला तर शंभर माणसांची रांग दीड मिनिट लवकर संपते. त्यांनी कौतुकानं तिला हे सांगितलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “म्हणजे माझा श्वाससुद्धा तुम्हाला जड झाला का?” दोघंही हसले होते.

त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर आवाजाची रेघ पसरली. सपाट रेघ, मग एक लहानसा फुगवटा, मग आकड्याचा उंच डोंगर. पुन्हा सपाट, फुगवटा, डोंगर. शंभर वेळा. त्यांनी प्रत्येक फुगवटा आकड्यासकट उचलला आणि नव्या फाइलीत ठेवला. बत्तिसाच्या आधीचा लांब होता. सत्तेचाळीसच्या आधीचा नाकातून घेतलेला. एकोणचाळीस आणि चाळीसच्या मध्ये ती म्हणाली, “अहो, पाणी तरी द्या,” तेवढं त्यांनी सोडून दिलं, प्रोग्रॅमला त्याचा उपयोग नव्हता. दिवस कलायला काम संपलं. इतका वेळ तिच्या श्वासांबरोबर बसूनही आत काही हललं नाही. दगड झाला असावा आपला, असं त्यांना वाटलं, आणि तेही एखाद्या यंत्राबद्दल वाटावं तसं वाटलं.

सोमवारी संध्याकाळी ते बेलापूरमार्गे स्कूटरवरून कोल्हारला गेले. उसाच्या ट्रॉल्यांमागं थांबत थांबत पोचले तोवर दूध यायला लागलं होतं. सहादेवनं खुर्ची दिली, ती न घेता त्यांनी उभ्यानंच नव्या फाइली चढवल्या. संघाच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता, सहादेव म्हणाला. यांत्रिक आवाज तयार आहे, पाठकांचं नाही जमलं तर लगेच कळवा, उद्या सकाळी बसवू.

रांगेत पहिली छबूबाईच होती. सत्तरीची, डोळ्यांवर जाड चष्मा, त्याचा उपयोग फक्त शोभेला. तिनं किटली ओतली आणि मान स्पीकरकडे वळवली. काटा थांबला. मशीननं फॅट दिला.

स्पीकरमधून आधी श्वास आला. सुरुवातीचा थोडा स्पीकरनं खाल्ला, उरलेला आला. बोलायला तोंड उघडलेल्या बाईचा श्वास. आणि मग, “सात लीटर. फॅट चार पॉइंट दोन.”

“आल्या व्हय बाई!” छबूबाई खूश होऊन म्हणाली. मग तिनं कान दिला, जरा विचार केला. “सहादेवा, बाई आज दमल्यात का रं? श्वास घिऊन बोलत्यात.”

सहादेवनं नृसिंहरावांकडे बघितलं. “हे सर हायत. त्यांच्या वळखीच्या हायत बाई. त्यास्नी इचार.”

छबूबाई आवाजाच्या अंदाजानं त्यांच्याकडे वळली. “त्यास्नी म्हनावं, घाई करू नका. आमी हुभे हाव की हितं. दमानं सांगा म्हनावं.”

“सांगतो,” नृसिंहराव म्हणाले.

बाहेर येऊन ते केंद्राच्या कट्ट्यावर बसले. रेश्माचा मेसेज येऊन पडला होता. “काका, सुटलं का? सुटलं असेल तर कारण लिहा.”

त्यांनी लिहिलं, “कारण: स्पीकरला जाग यायला अर्धा सेकंद लागतो. आकड्यांआधीचा श्वास मी चौदा वर्षांपूर्वी कापून टाकला होता, तो परत लावला.”

ओळी दोन झाल्या होत्या, पण त्याला कुणी हरकत घेतली नसती. काम झालं होतं. आवाज राहिला होता. मोबाईल खिशात ठेवता ठेवता त्यांना दुरुस्तीचा नियम आठवला, आणि नियम म्हणजे नियम. त्यांनी बोटानं मागचे मेसेज वर सरकवले. रविवार सकाळ. रेश्माचा प्रश्न. त्याखाली त्यांचं ‘हो’.

“दुरुस्ती,” त्यांनी लिहिलं. “वर मी हो म्हटलं आहे ते चूक आहे. आवाज माझ्या बायकोचा आहे. ती गावाला गेलेली नाही. नीलांबरी वारली.”

त्यांनी ते पाठवलं, आणि दुसऱ्या कुणी कळवावं तसं स्वतःच पुन्हा वाचलं.

आत पुढच्या माणसाची किटली काट्यावर चढली. नीलांबरीनं श्वास घेतला. नृसिंहराव आकड्याची वाट बघत होते, पण आकडा त्यांना ऐकू आला नाही. ते रडत होते.